भरतीची वीज: मेगावॅटबरोबर वेळापत्रकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण भरती-ओहोटीपासून तयार होणाऱ्या विजेवर अर्धं पान दिलंत. या विषयाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र त्या लेखातलं एक वाक्य चार दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही. 'समुद्र कधी थांबत नाही, म्हणून ही वीज चोवीस तास अखंड मिळते', असं ते वाक्य. समुद्र थांबतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून चार वेळा थांबतो. पण तो किती वाजता थांबणार आणि किती वाजता पुन्हा वाहू लागणार, हे कित्येक वर्षं आधी सांगता येतं. या विजेची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे, आणि लेखात तिचा उल्लेखच नाही.

मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली. शेवटची दहा वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. वीज तयार करणं, खाऱ्या पाण्यात फिरणारी यंत्रं चालू ठेवणं आणि भरतीची वाट पाहणं या तिन्ही गोष्टी माझ्या रोजच्या कामाच्या होत्या, म्हणून हे पत्र लिहिण्याचं धाडस करतो आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचं जहाज इंग्लंडच्या पश्चिमेला, सेव्हर्न नदीच्या मुखाशी नांगर टाकून उभं होतं. एव्हनमथच्या गोदीत शिरायचं होतं. तिथे उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चौदा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. ओहोटीला डेकवरून पाहिलं तर जिथे तिथे तपकिरी चिखलाची मैदानं दिसायची, आणि काही तासांत त्यांच्यावरून जहाजं जायची. मी फोर्थ इंजिनिअर होतो. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकारतात त्या वरच्या कक्षातून, फोन आला, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी इंजिन तयार हवं. इतका नेमका आकडा ऐकून मला नवल वाटलं. ड्यूटी संपल्यावर ब्रिजवर गेलो तेव्हा सेकंड ऑफिसरने भरतीच्या तक्त्यांचं पुस्तक समोर ठेवलं. आम्ही मार्चमध्ये होतो, आणि त्यात डिसेंबरातल्या प्रत्येक भरतीची वेळ मिनिटांत आणि उंची मीटरमध्ये छापलेली होती. पुढच्या आठवड्यात पाऊस पडेल की नाही हे त्या ब्रिजवर कोणालाच सांगता आलं नसतं.

हे शक्य होतं, कारण भरती हवामानातून येत नाही, ती चंद्र-सूर्याच्या ओढीतून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून येते. त्या गतींचं गणित माणसाला फार पूर्वीच जमलं. 1870 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी चाकं आणि कप्प्या जोडून भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं होतं. हँडल फिरवलं की कागदावर वर्षभराच्या भरत्यांची वळणदार रेघ उमटायची. जोराचा वारा किंवा हवेचा दाब यांमुळे पातळी थोडी वर-खाली होते, वेळ काही मिनिटं सरकते, पण वेळापत्रक मोडत नाही. आपल्या लेखाबरोबर मात्र उसळत्या लाटांचं छायाचित्र होतं. लाट वाऱ्याची लेक. ती कधी येईल, केवढी येईल, हे वाऱ्यावर अवलंबून. लाटांपासून वीज काढण्याचे प्रयोग वेगळे, त्यांची यंत्रं वेगळी आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या. ही गल्लत वाचकाच्या मनात एकदा बसली की पुढचं सगळं चुकतं.

आता आकड्यांकडे येतो. लेखात फ्रान्समधल्या रान्स नदीच्या मुखावरच्या प्रकल्पाची क्षमता 240 मेगावॅट आणि दक्षिण कोरियातल्या सिह्वा प्रकल्पाची 254 मेगावॅट दिली आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण मेगावॅट म्हणजे यंत्राची ताकद. यंत्राने वर्षभरात केलेलं काम युनिटांत मोजतात. 240 मेगावॅटचं यंत्र वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण ताकदीने चाललं तर 210 कोटी युनिट होतील. रान्सला प्रत्यक्षात वर्षाला सुमारे 50 कोटी युनिट मिळतात. सिह्वाकडून अपेक्षित वीज वर्षाला सुमारे 55 कोटी युनिट. दोन्हीकडे हिशेब चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. यात कोणाचा दोष नाही, भरतीचा स्वभावच तसा आहे. पण मेगावॅट वाचून वाचक तेवढ्याच क्षमतेच्या कोळशाच्या संचाशी तुलना करतो, आणि मग प्रत्यक्ष युनिट कळले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. ज्या विजेबद्दल मला इतकी आस्था आहे तिच्या वाट्याला ही निराशा येऊ नये, म्हणून हा आग्रह.

रान्सचा बंधारा मी पाहिला आहे. सां-मालो बंदरात आमचं जहाज माल उतरवत होतं, अर्धा दिवस सुट्टी मिळाली आणि मी तिकडे गेलो. साडेसातशे मीटर लांबीचा बंधारा, त्याच्यावरून रस्ता, मोटारी येतात-जातात, एका टोकाला बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं लॉक. वीजकेंद्र म्हणावं असं वर काहीच दिसत नाही. सगळं पायाखाली, पाण्यात. प्रत्येकी 10 मेगावॅटची 24 टर्बाइन्स, कांद्यासारख्या आकाराच्या पोलादी कवचात जनित्र आणि त्याच्या पुढे पाच मीटरांहून अधिक व्यासाचं चार पात्यांचं चक्र. नोव्हेंबर 1966 मध्ये अध्यक्ष द गॉल यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हापासून ती फिरत आहेत.

मी पोचलो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. समुद्राच्या बाजूचं पाणी उतरत चाललं होतं आणि नदीच्या बाजूचं तसंच भरलेलं होतं. दोन्ही कठड्यांवरून आळीपाळीने खाली पाहिलं की पातळीतला फरक वाढत गेलेला दिसायचा. आत मात्र शांत. मी इंजिनवाला माणूस, मला वाटलं काहीतरी बिघडलं असणार. मग लक्षात आलं, हे थांबणं मुद्दाम आहे. भरतीला दारं उघडी ठेवून पाणी आत घ्यायचं, भरती संपली की दारं बंद करायची, आणि बाहेरचं पाणी पुरेसं खाली जाईपर्यंत धीर धरायचा. लगेच सोडलं तर पाणी नुसतं वाहून जाईल, दाब मिळणार नाही. काही वेळाने समुद्राच्या बाजूला पाण्यात भोवरे उठायला लागले आणि कठड्यावर ठेवलेल्या हाताला हलकी थरथर जाणवली. तो क्षण मी विसरलेलो नाही. बोटीचं इंजिन सुरू होताना पायाला लागणारी थरथर मला ओळखीची होती; इथे इंधनाचा थेंबही जळत नव्हता.

त्या तलावाचं गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. क्षेत्रफळ सुमारे 22 चौरस किलोमीटर, भरती-ओहोटीतला सरासरी फरक आठ मीटर. एका ओहोटीच्या पाण्यात कागदोपत्री सुमारे 20 लाख युनिट ऊर्जा असते. वर्षात 705 ओहोट्या येतात. म्हणजे नुसत्या ओहोटीची सुमारे 140 कोटी युनिट, त्यांतली 50 कोटी हाती लागतात. गणितातली महत्त्वाची गोष्ट अशी की पातळीतला फरक दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून 'जिथे किनारा तिथे ही वीज' हे लेखातलं विधानही टिकत नाही. जगातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर हा फरक दोन मीटरही नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो सोळा मीटरपर्यंत जातो, कारण त्या उपसागराची लांबी आणि खोली अशी आहे की आतल्या पाण्याचा झोका आणि चंद्राची ओढ यांचा ताल जवळजवळ जुळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावला की तो चढत जातो, तसं. सेव्हर्न, रान्स, खंभातचं आखात, अशी नशीबवान ठिकाणं मोजकीच.

आता अखंडपणाचा प्रश्न. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज संध्याकाळी सात वाजता, दिवे लागतात तेव्हा वीज भरपूर मिळत असेल, तर तीन-चार दिवसांनी त्याच सात वाजता पाणी जवळपास उभं असेल. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या पुढे-मागे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती. भांगाच्या भरतीत पातळीतला फरक उधाणाच्या निम्मा असेल तर तलावातून मिळणारी ऊर्जा एक चतुर्थांश होते. वाहत्या प्रवाहात पवनचक्कीसारखी टर्बाइन्स लावली असतील तर मार आणखी मोठा, कारण तिथे शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, की किनाऱ्यावर वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रं उभारा, एकीकडे पाणी थांबेल तेव्हा दुसरीकडे वाहत असेल. हे अर्धंच खरं आहे. ब्रिटनच्या किनाऱ्याला वळसा घालायला भरतीला कित्येक तास लागतात, त्यामुळे दिवसातल्या रिकाम्या वेळा खरोखर भरून निघू शकतात. पण भांग सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी येतो, कारण चंद्र एकच आहे. महिन्यातले ते दोन मंद पट्टे दुसऱ्या कशाने तरी भरावे लागणार. फक्त ते कोणत्या तारखांना येणार हे दहा वर्षं आधी माहीत असतं. जहाजावर मी जनित्रांची देखभाल कधी करायची, कोणतं यंत्र कधी राखीव ठेवायचं, हे सगळं आधी आखत असे. वीज-जाळं चालवणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षीच्या अमुक मंगळवारी अमुक वाजता किती वीज येणार हे आज सांगता येणं, ही फार मोठी गोष्ट आहे. वारा आणि ऊन यांच्याबाबतीत असा आगाऊ शब्द कोणी देऊ शकत नाही. ती वीज स्वस्त पडते, ती वाढावी असंच मलाही वाटतं, पण खात्रीला किंमत असते आणि युनिटचा नुसता दर ताडून पाहताना ती धरली जात नाही.

'इंधन लागत नाही म्हणून जवळपास फुकट' या वाक्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझं निम्मं आयुष्य त्याच्याशी झगडण्यात गेलं. खारं पाणी काहीच फुकट देत नाही. जहाजाच्या तळाला पोलाद वाचवण्यासाठी जस्ताच्या वड्या लावतात. पोलादाऐवजी आधी त्या झिजाव्यात म्हणून. ड्राय डॉकमध्ये पाणी उपसलं की आम्ही पहिल्यांदा त्या पाहायचो, कधीकधी बोल्टाभोवती नुसता चुरा उरलेला असायचा. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या गाळण्या शिंपल्यांनी आणि शेवाळाने भरायच्या. पंख्याच्या पात्यांना बुडबुड्यांच्या माऱ्याने खड्डे पडायचे. पंख्याच्या दांड्याचं सील गळायला लागलं की झोप उडायची. जहाज तरी गोदीत नेता येतं. समुद्राच्या तळाशी बोल्टांनी बसवलेलं टर्बाइन वर कसं आणणार? जिथे प्रवाह जोराचा तिथेच ते लावायचं, आणि त्याच जोरामुळे तिथे काम करायला पाणी थांबण्याची थोडीशी मिनिटंच मिळणार.

फंडीत 2009 साली तळाशी उतरवलेल्या एका टर्बाइनची पाती प्रवाहाने काही आठवड्यांतच मोडली. तीन मीटर प्रति सेकंद वेगाच्या समुद्रप्रवाहात दर चौरस मीटरला सुमारे 14 किलोवॅट शक्ती असते. एवढ्या शक्तीसाठी वारा ताशी शंभर किलोमीटरने वाहावा लागेल, कारण समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड. म्हणूनच पाती आखूड, जाड आणि भयंकर मजबूत लागतात. उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉख या खाडीत 2008 साली बसवलेल्या 1.2 मेगावॅटच्या सीजेन यंत्राची रचना मला यासाठीच आवडली: दोन्ही चक्रं खांबावरून पाण्याबाहेर उचलता येत. ऑर्कनीच्या बेटांजवळ 2021 पासून चालणारं 2 मेगावॅटचं यंत्र तर तरंगतंच, दुरुस्तीसाठी त्याचे हात वर उचलायचे. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंड फर्थमध्ये मेजेन प्रकल्पाची 1.5 मेगावॅटची चार टर्बाइन्स तळाशी आहेत. त्यांनी मिळून 5 कोटींहून अधिक युनिट वीज दिली आहे. खाऱ्या पाण्याशी आयुष्यभर झुंजलेला माणूस म्हणून सांगतो, या आकड्यामागच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे.

याच स्ट्रँगफर्ड लॉखमधल्या एका बेटावर नेंड्रमच्या मठात भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीचे अवशेष सापडले आहेत. लाकडाच्या वलयांवरून तिचा काळ इ. स. 619 ठरवला गेला. ते भिक्षू भरतीला तलाव भरून घ्यायचे आणि ओहोटीला पाणी चाकावर सोडून धान्य दळायचे. दळणाची वेळ चंद्र ठरवायचा.

बंधाऱ्याबद्दल लेखात 'पर्यावरणाला कोणताही धोका नाही' असं आहे. हे वाचून मला वाईट वाटलं. रान्स बांधताना 1963 ते 1966 नदीचं मुख जवळजवळ बंद ठेवलं होतं. खारेपणा घटला, आतले समुद्री जीव मोठ्या प्रमाणावर मेले, आणि नवी घडी बसायला सुमारे दहा वर्षं गेली. काही जाती परत आल्याच नाहीत. गाळ आजही साचतो. कॅनडात अ‍ॅनापोलिस रॉयल इथलं 20 मेगावॅटचं केंद्र 1984 पासून चाललं आणि 2019 साली बंद झालं. टर्बाइनमधून जाणाऱ्या माशांच्या मृत्यूचा प्रश्न तिथे कायम होता. उलट सिह्वात आधीच, 1994 साली, समुद्राची भिंत बांधून सरोवर कोंडलं गेलं होतं आणि पाणी सडलं होतं. 2011 मध्ये त्या भिंतीत टर्बाइन्स बसवली, समुद्राचं पाणी पुन्हा आत-बाहेर करू लागलं आणि सरोवर सुधारलं. एकच तंत्र एका ठिकाणी खाडी मारतं आणि दुसऱ्या ठिकाणी तिला श्वास देतं. माझं मत विचाराल तर जिवंत खाडीचा गळा आवळून बंधारा घालू नये. आधीच बांधलेल्या भिंती असतील तिथे टर्बाइन्स बसवावीत, आणि बाकी ठिकाणी उघड्या प्रवाहातली यंत्रं लावावीत, ती महाग पडली तरी. ज्यांचं पोट त्या खाडीच्या चिखलावर आणि मासळीवर आहे त्यांना तिचं वेळापत्रक आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारल्याशिवाय एक दगडही टाकू नये.

एका परिचितांनी लेख वाचून मला विचारलं, भरतीची वीज काढल्याने पृथ्वीचं फिरणं मंदावेल का? ते तसंही मंदावत आहे. भरतीच्या घर्षणाने दिवस शतकामागे दोनएक मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो. त्या घर्षणात सतत सुमारे 37 लाख मेगावॅट खर्च होतात. माणसाने बांधलेली भरतीची सगळी केंद्रं मिळून 500 मेगावॅटच्या आसपास, आणि त्यांतली जवळजवळ सगळी ताकद रान्स आणि सिह्वा या दोनच ठिकाणी. चंद्राला याचा पत्ताही लागणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. यापुढे अशा प्रकल्पाची बातमी द्याल तेव्हा मेगावॅटच्या शेजारी वर्षाला मिळणारी युनिट छापावीत, उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या दिवशी दिवसातले किती तास वीज मिळते ते सांगावं, आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली ते विचारावं. छायाचित्र लाटांचं नको. ओहोटीला उघड्या पडलेल्या बंधाऱ्याचं असावं. एखाद्या प्रकल्पाच्या तलावाचं क्षेत्रफळ आणि तिथल्या भरतीचा तक्ता आपल्या वार्ताहराकडे असेल, तर युनिटांचा अंदाज मी स्वतः बसून काढून देईन. कागद-पेन्सिलीचं एका दुपारचं काम आहे.

आपला,
एक निवृत्त जहाज-अभियंता